५४ पायऱ्या, ५४ टक्के

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींना ती नसतेच. पुनर्विकासाच्या मीटिंगा मात्र पंधरा वर्षं नेमाने चालू आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत ५४ पायऱ्या. २०२२च्या पावसाळ्यापर्यंत हा आकडा मला ठाऊक नव्हता. धडधाकट माणूस कशाला पायऱ्या मोजेल? थांबायला लागलो तेव्हा मोजायला लागलो. आधी ३६व्या पायरीवर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी. मग अठराव्यावरच. थांबलं की खिशातून मोबाइल काढायचा आणि मेसेज वाचतोय असं दाखवायचं. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्यासुद्धा, "भाऊ, रिटायर झाल्यापासून तुम्हाला फार मेसेज येतात हो."

मी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्स फिटर होतो. कॉम्प्रेसर, एअर लाइन, व्हॉल्व्ह यांच्या संगतीत ३५ वर्षं गेली. १९८६ साली कामाला लागलो आणि त्याच वर्षी सिगारेट लागली. रात्रपाळीत तीन वाजता डोळा लागू नये म्हणून मशिनशॉपच्या मागच्या दाराशी सगळे जमायचे, कुणीतरी पाकीट पुढे करायचं. त्याआधी मंडळाकडून कबड्डी खेळायचो. चढाई माझ्याकडे असायची, कारण दम चांगला होता.

धाप का लागते याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. वय झालं, पोट सुटलं, घरी बसून आहे. सकाळचा खोकला तर मी हिशेबातच धरत नव्हतो. दात घासताना दहा मिनिटं खोकायचं, दोन बेडके पडले की छाती मोकळी. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. ही बाथरूमच्या बाहेरून विचारायची, "झालं का तुमचं इंजिन चालू?" घरातला ठरलेला विनोद होता तो. आमचे नेहमीचे डॉक्टर दर थंडीत खोकल्याची बाटली द्यायचे, "ॲलर्जी आहे, सिगारेट कमी करा" म्हणायचे. 'कमी करा' हा सल्ला ओढणाऱ्याला फार आवडतो. विसाच्या पंधरा केल्या होत्या, म्हणजे माझ्या मते मी पथ्यावर होतो.

गणपतीत मूर्ती वर आणताना दुसऱ्या मजल्यावर माझ्या हातून पाट जावयाने काढून घेतला. त्या रात्री मुलीने फर्मान काढलं, हृदयाचं तपासून घ्यायचं. डॉक्टरांनी कागदावर ईसीजी, टू-डी इको आणि टीएमटी लिहिलं. ठाण्यात टीएमटी म्हणजे बस. हिने कागद वाचून खरंच विचारलं, "आणि बसचं कशाला लिहिलंय?" ही टीएमटी पट्ट्यावर चालायची निघाली. चढ जरा वाढला आणि मी हात वर केला. छातीत दुखलं नाही, श्वास पुरेना. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "हार्ट चांगलं आहे तुमचं. धाप कशाची ते मात्र छातीच्या डॉक्टरांकडून बघून घ्या." मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. खाली उतरलो आणि त्याच इमारतीसमोरच्या टपरीवर हार्ट चांगलं निघालं म्हणून एक सिगारेट ओढली. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. आता वाचतील.

दुसरं वाक्य मुलीच्या लक्षात होतं. नोव्हेंबरात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी कागद ओढला. दिवसाला सरासरी किती? किती वर्षं? १५ भागिले २०, गुणिले ३६. "२७ पॅक इयर्स," म्हणाल्या. म्हणजे रोज २०चं एक पाकीट या हिशेबाने २७ वर्षं. फिटर माणूस, आकडा दिसला की पुढे गुणाकार होतोच. १५ गुणिले ३६५ गुणिले ३६, जवळजवळ दोन लाख सिगारेटी. ६९ मिलिमीटरची एक धरली आणि रुळाला लावून एकापुढे एक मांडत गेलो, तर ठाणे स्टेशनापासून घाटकोपरच्या आसपास पोहोचतील.

एक्स-रे मी अभिमानाने पुढे केला, कारण त्यात डाग वगैरे काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "या आजारात एक्स-रे बराच काळ बरा दिसू शकतो. तुमच्यात फुप्फुसं थोडी फुगलेली दिसतात, छातीखालचा पडदा चपटा झालाय. पण खरं काय ते फुंकल्यावर कळेल." आणि स्पायरोमेट्रीला, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या तपासणीला पाठवलं.

ती खोली अगदीच लहान. एक स्टूल, कॉम्प्युटर, आणि नळीला जोडलेलं मुठीएवढं यंत्र. तंत्रज्ञ मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला लावली. आणि इतका वेळ हळू बोलणारी ती पोर एकदम ओरडायला लागली. "काका, पूर्ण श्वास आत, अजून आत... आता फूऽऽ! जोरात! जोरात! सोडत राहा, अजून, अजून, अजून, थांबू नका!" शेजारच्या खोलीतल्यांना वाटलं असेल कबड्डीचा सामना चाललाय. सहा सेकंद सोडत राहायचं असतं. मला वाटलं होतं फुंकणं म्हणजे काय मोठंसं. पहिल्या झटक्यानंतर चौथ्या सेकंदाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. असं तीनदा, कारण तिन्ही आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध स्पेसर नावाच्या नळकांड्यातून चार वेळा ओढायला दिलं, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं आणि पुन्हा तीनदा तेच.

पडद्यावर रेघ दिसत होती. निरोगी माणसाची रेघ सुळक्यासारखी वर जाते आणि सरळ उतरत येते. माझी वर गेली आणि लगेच आत कोसळली. उतरण मधोमध पोखरलेली, पुढे लांबच लांब शेपूट.

डॉक्टरीणबाईंनी दोन आकड्यांखाली रेघ मारली. पूर्ण श्वास सोडला तेव्हा एकूण हवा निघाली २.६८ लिटर. त्यातली पहिल्या सेकंदात १.४२. भागाकार ०.५३. औषध ओढल्यानंतरही हा भागाकार ०.७०च्या खाली राहिला तर श्वासमार्गात कायमचा अडथळा आहे. औषधाने माझ्यात ७० मिलिलिटरचा फरक पडला होता, नाममात्र. नळ्या अशा वेळी बऱ्यापैकी मोकळ्या झाल्या तर दम्याचा संशय घेतात. आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमा म्हणतात. माझा दमा नव्हता, सीओपीडी होता, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. माझ्या वयाच्या, माझ्या उंचीच्या माणसाची पहिल्या सेकंदाची हवा २.६५ लिटर असायला हवी, माझी त्याच्या ५४ टक्के. ५० ते ७९ म्हणजे मध्यम, ५०च्या खाली तीव्र. मी उंबरठ्यावर. घरी जायच्या पायऱ्याही ५४, हा योगायोग मला तिथे बसल्या बसल्या सुचला आणि हसू आलं. बाईंना वाटलं मला गांभीर्य कळलेलं नाही.

"श्वास घेता येत नाही अशी तक्रार आहे ना तुमची? तुम्हाला तो सोडता येत नाहीये," त्या म्हणाल्या आणि कागदावर द्राक्षाच्या घडाचं चित्र काढलं. धुराने बारीक नळ्यांना वर्षानुवर्षं सूज राहते, भिंती जाड होतात, चिकट कफ साचतो. नळ्यांच्या टोकाला जे हवेचे बारीक फुगे आहेत त्यांच्या भिंती झिजतात, दोन-चार फुगे मिळून एक ढिला पोकळ फुगा होतो. त्या लवचिक भिंतीच तर बारीक नळ्यांना चारी बाजूंनी ताणून उघड्या धरतात, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. दोऱ्या तुटल्या की श्वास सोडताना नळी मिटते आणि हवा पलीकडे अडकते.

हे मला कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कारण मला डोळ्यांसमोर एअर रिसीव्हर दिसत होता. टाकी भरलेली, बाहेर जायची लाइन चोंदलेली. आता कॉम्प्रेसर कितीही चालवा, नवी हवा जाईल कुठे? पायऱ्या चढताना मी घाईघाईने श्वास घेत होतो. घाई केली की सोडायला वेळ आणखी कमी, आत अडकलेली शिळी हवा आणखी जास्त. ३६व्या पायरीवर 'हवा कमी पडतेय' असं वाटायचं तेव्हा छाती खरं तर हवेने ठासून भरलेली असायची. आणि कबड्डीत चढाई तरी काय असते? एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, म्हणजे हवा बेताबेताने सोडत राहायची. वीस वर्षांचा असताना नेमकं जे जमत होतं तेच गेलं होतं.

मी विचारलं, "आता सोडली तर किती भरून येईल?"

"गेलेलं येणार नाही."

मग त्यांनी आणखी एक चित्र काढलं, ते मी अजून जपून ठेवलंय. आडव्या रेघेवर वय, उभ्या रेघेवर फुप्फुसाची ताकद. फ्लेचर आणि पेटो या दोघांनी पश्चिम लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या ७९२ पुरुषांना आठ वर्षं वरचेवर फुंकायला लावून १९७७ साली जे मांडलं, त्यातलं हे चित्र. पंचविशीनंतर सगळ्यांचीच ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरते. न ओढणाऱ्याची उतरण सौम्य, वर्षाला तीसेक मिलिलिटर. ज्यांना धूर बाधतो त्यांची दुप्पट किंवा त्याहून तीव्र. सगळ्या ओढणाऱ्यांना बाधत नाही, म्हणून तर प्रत्येक नाक्यावर 'माझे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते' सांगणारा एक असतो. सोडली की रेघ वर चढत नाही, पण तिथून पुढे न ओढणाऱ्याच्या उतरणीने जायला लागते. बाईंनी ५९ वर्षांवर पेन टेकवून दोन रेघा काढल्या, एक ओढत राहिलो तर आणि एक सोडली तर. सत्तरीपाशी दोघींत चांगलं बोटभर अंतर होतं. त्या बोटभर जागेत नातीचं लग्न येतं की नाही, असला हिशेब मी रिक्षात बसून करत होतो.

सिगारेट सोडण्याबद्दल फार लिहीत नाही, सोडलेल्या माणसाचं बोलणं ऐकायला कंटाळवाणं असतं. मुलगी जन्मली तेव्हा अकरा दिवस सोडली होती, तो माझा विक्रम. यावेळी १ डिसेंबर ही तारीख ठरवली. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मी कित्येक वर्षं बोटाखाली धरून काडी ओढत होतो. तो एकदाचा लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न केला, उठल्यावर किती वेळात पहिली लागते? मी म्हटलं, चहाच्या आधी. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट समजतात. डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमच्या निकोटिनच्या गोळ्या लिहून दिल्या, चघळायच्या. मी त्या च्युइंगमसारख्या कचाकचा चावल्या आणि दोन दिवस उचक्या नि जळजळ. नंतर कळलं, थोडी चावून जिभेला तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नात मांडवामागे दोन ओढल्या. त्यानंतर नाही.

एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढला. ही घाबरली, मी मनात खूश झालो, म्हटलं बघा, सोडणंच बाधतंय. खरं कारण असं की श्वासनळ्यांत कफ वर ढकलणारे केसांसारखे बारीक तंतू असतात, धुराने ते लुळे पडतात. धूर थांबला की ते कामाला लागतात आणि साचलेला माल वर येतो. बंद पडलेला कन्व्हेयर चालू केल्यावर आधी धूळच उडते.

औषध ओढायच्या पंपाबद्दल घरात सभाच भरली. वागळेतला एक जुना मित्र म्हणाला, "पंप लागला म्हणजे खेळ संपला, सवय लागते त्याची." सवयीबद्दल मला तोंड वर करून सांगणारा हा माणूस स्वतः तंबाखू मळत होता. माझं औषध कॅप्सूलमध्ये भुकटी, दिवसातून एकदा. पहिले तीन आठवडे काही फरक पडेना. तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी समोर घ्यायला लावलं आणि कपाळाला हात लावला. मी शेजारच्या काकांचं बघून सावकाश ओढत होतो. त्यांचा फवाऱ्याचा पंप, तो सावकाशच ओढायचा. भुकटी मात्र जोरात, एका झटक्यात ओढावी लागते, तरच ती खोल जाते. आत कॅप्सूल भिरभिरल्याचा खर्रर्र आवाज यायला हवा. त्याआधी श्वास पूर्ण सोडायचा, तोही यंत्रापासून तोंड बाजूला करून, नाहीतर तोंडाच्या वाफेने भुकटी चिकटते. ओढल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. आमच्याकडच्या पावसाळ्यात कॅप्सूल पाकिटातून आधी काढून ठेवल्या की वाया गेल्या. तीन आठवडे महागडी भुकटी मी जिभेवर घेत होतो.

फिजिओथेरपीत आधी सहा मिनिटं चालवलं, तीस मीटरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. ३७२ मीटर झाले, ऑक्सिजन ९६वरून ९१ला. मग त्या मुलाने मला श्वास सोडायला शिकवलं. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि हळू सोडायचा, घ्यायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट. "काका, बशीतल्या चहावर घालता ना, तशी फुंकर." ओठ आवळले की मागे थोडा दाब राहतो, त्यामुळे मिटू पाहणाऱ्या नळ्या उघड्या राहतात आणि हवा निघून जाते. लाइनवर बॅक प्रेशर ठेवण्यातलाच प्रकार, मला लगेच पटला. जिना चढताना पायरीवर उभं राहून घ्यायचा, चढताना सोडायचा. मी आयुष्यभर उलटं करत होतो, दम रोखून चढायचो.

आठ आठवडे आठवड्यातून दोनदा व्यायाम केला. ३७२चे ४२० झाले. फुप्फुस होतं तेवढंच आहे, पाय तयार झाले. आता सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारतो, गडकरी रंगायतनपाशी एकदा थांबून, आणि थांबलो की मोबाइल काढत नाही. दर वर्षी फ्लूची लस घेतो, न्यूमोनियाचीही घेतली. तरी २०२४च्या जानेवारीत साध्या सर्दीने गाठलं, कफ हिरवा झाला, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आणि पूर्वपदावर यायला दीड महिना गेला. पहिल्या सेकंदाचा आकडा वर्षाने १.४० आला, त्याच्या पुढच्या वर्षी १.३८. मला वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, "पेढे द्या."

या सगळ्यात मला सारखी अक्का आठवत होती. माझी थोरली बहीण, वय ७१, मुरबाडजवळ गावी असते. खोकते, अंगण झाडताना मधेच खाली बसते. दम्याची गोळी म्हणून गावातून काहीतरी आणून खाते. तिने आयुष्यात विडी-सिगारेट ओढलेली नाही, म्हणून तिचा आणि माझा आजार एक असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. मी सहज डॉक्टरीणबाईंपाशी विषय काढला. त्यांनी विचारलं, "स्वयंपाक कशावर?" बिनखिडकीच्या पडवीतली चूल मला दिसली. आई गेल्यापासून, म्हणजे दहाव्या वर्षापासून ती त्या चुलीपुढे. चुलीच्या धुराने आपल्याकडे कितीतरी बायकांना हाच आजार होतो, बाई म्हणाल्या. गॅस आलाय आता, पण सिलिंडरवर मऊ ओढणी पांघरून ठेवलेली असते आणि आंघोळीचं पाणी, भाकरी अजून चुलीवर.

अक्काला ठाण्याला आणायला चार महिने लागले. भात झोडून होऊ दे, म्हैस विऊ दे. शेवटी आली. आमच्या ५४ पायऱ्या आम्ही दोघं मिळून चढलो, प्रत्येक मजल्यावर टेकत. ती म्हणाली, "तुझ्याकडं यायचं म्हंजी गडच की रं."

त्याच खोलीत, त्याच स्टुलावर ती बसली. पदर खोचला. नाकाला चिमटा लावायला आधी तयार होईना, नथीची जागा दुखते म्हणाली. मग तंत्रज्ञ मुलीने पुठ्ठ्याची नळी तिच्या हातात दिली आणि समजावू लागली, की आजी, ही ओठांत घट्ट धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं.

अक्काने नळी उलटीपालटी करून बघितली, एका डोळ्याने आरपार पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही तर फुंकणी हाये रं. हे मला शिकवाया लागतंय व्हय?"

मुलगी ओरडायला लागली, "जोरात आजी, जोरात, अजून, अजून!" अक्का सवयीने डोळे बारीक करून फुंकत होती, समोर जाळ असल्यासारखी. पडद्यावरची रेघ वर गेली आणि लगेच आत कोसळली.